रिकामा भांग

बसच्या खिडकीतून मयुरीने तो भांग पहिल्यांदा पाहिला, तेव्हा तिला वाटलं, मागून कुणीतरी मोटारसायकलवाला येत असेल.

पुणे-नाशिक रस्त्यावर, मोशीच्या अलीकडे, सकाळची गर्दी नेहमीसारखी तुंबली होती. बसच्या उजवीकडच्या रांगेतल्या मोटारी एकेक करून हातभर पलीकडे सरकल्या, बस स्वतःही किंचित डावीकडे झाली आणि दोन रांगांच्या मधोमध एक मोटारसायकल जाईल एवढी फट मागून पुढे सरकत आली. फटीत कुणीच नव्हतं. नुसतं डांबर आणि त्यावरची पांढरी रेघ. फट मयुरीच्या खिडकीखालून गेली, पुढच्या टेम्पोच्या बाजूने निघाली आणि ती गेल्यावर गाड्या परत आपापल्या जागी आल्या.

"बिघडलं असेल कुणाचं काहीतरी," शेजारची बाई म्हणाली आणि तिने परत मोबाइलमध्ये डोकं घातलं.

मयुरीही तेच म्हणाली असती. पण पुढे रस्त्याकडेच्या मारुतीच्या देवळासमोर ती फट हळू झाली. थांबली नाही. एक हात हँडलवरून काढून छातीला लावायला जेवढा वेळ लागतो तेवढी रेंगाळली आणि मग झपकन पुढे गेली.

मयुरी अर्धवट उठून बघत राहिली. या देवळासमोर रोज नेमकं असं करणारा एक माणूस तिला माहीत होता. त्याच्या मागे बसून तिने त्याला कितीदा तरी म्हटलं होतं, "अरे, दोन्ही हात हँडलवर ठेव, देव काही रागावत नाही." तो माणूस म्हणजे तिचा नवरा, हर्षल तापकीर. गेल्या उन्हाळ्यात, इथून थोडं पुढे, इंद्रायणीच्या पुलाकडे जाणाऱ्या उतारावर, त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला आणि तो जागीच गेला.

भांग म्हणजे काय हे त्या काळात कुणाला सांगावं लागत नसे. तुम्हाला सांगायला हवं.

दुचाकीवाल्याने दोन रांगांच्या मधून घुसायचं, हे आपल्याकडे जुनंच आहे. कायद्यात ते बसत नव्हतं. पण कायद्यात बसणारी माणसं कामावर उशिरा पोचत, म्हणून सगळेच घुसत. आरसे तुटायचे, शिव्यागाळी व्हायची, कधी कुणी ट्रकच्या चाकाखाली जायचं. मग लोक चार दिवस हळहळायचे आणि पुन्हा तसेच घुसायचे. पुढे मोटारी, बसगाड्या, ट्रक हे सगळे एकमेकांशी बोलायला लागले. बोलायला म्हणजे रेडिओलहरींवरून बारक्या बारक्या खबरी द्यायला: मी इथे आहे, माझा वेग इतका, आता डावीकडे वळतोय. स्टिअरिंग माणसाच्या हातात असलं तरी हातभर इकडेतिकडे होणं, पार्किंगमध्ये मागेपुढे सरकून दुसऱ्याला जागा देणं गाडी आपलं आपण बघू लागली. तेव्हा कुठे सरकारने धीर करून कायदा बदलला. गर्दीत, सावकाश, दुचाकीने मधून जायला हरकत नाही, असं ठरलं. मात्र तिच्या कपाळावर, दिव्याच्या वर, चालू झालं की लाल होणारं एक गोल यंत्र बसवलेलं असलं पाहिजे. या यंत्राला लोक टिकली म्हणू लागले. टिकलीने 'येतोय' म्हटलं की गाड्या बाजूला होत आणि केसांत भांग पडावा तशी वाट पडे. एका भांगात एकच दुचाकी, हाही नियम होता.

अडचण एका ठिकाणी आली. दोन उंच कंटेनरच्या मधे शिरलं की टिकलीचा आवाज दबतो. तेवढ्यात पुढच्या गाडीने वाट मिटवली तर स्वाराचा चेंदामेंदा. म्हणून गाड्यांना असं शिकवलं की ज्या गाडीने ऐकलं तिने पुढच्या गाडीला सांगायचं: दिसत नाहीये, पण येतोय. रोज जाणाऱ्यांच्या तर सवयीही गाड्यांनी पाठ केल्या. कोण कुठे रेटतो, कोण कुठे दमाने घेतो. स्वार यायच्या आधीच त्याची वाट तयार असे. हर्षल चाकणच्या एका कारखान्यात टूलरूमला होता. तो हसून म्हणायचा, "मोठ्या साहेबालासुद्धा रस्ता मिळत नाही एवढा मला मिळतो."

दोन आठवडे तो भांग पाहिल्यावर मयुरी रहदारी नियंत्रणाच्या कचेरीत गेली. तिथले इंजिनिअर पानसरे हे हळू बोलणारे, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारे गृहस्थ होते. त्यांनी पडद्यावर त्या रस्त्याची सकाळ पुन्हा चालवून पाहिली. मोटारींचे ठिपके बाजूला होत होते, आणि मधे काहीच नव्हतं.

"रोज पडतो?" त्यांनी विचारलं.

"गुरुवार सोडून. गुरुवारी त्याच्या कारखान्याला सुट्टी असते."

पानसऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "किल्ली लावली की टिकली 'निघालो' म्हणते, ताई. मुक्कामाला जाऊन किल्ली बंद केली की 'पोचलो' म्हणते. मग गाड्या तो विषय सोडून देतात. तुमच्या मिस्टरांची टिकली 'निघालो' म्हणाली. उतारावर मोटारसायकलची बॅटरी तुटली आणि 'पोचलो' म्हणायचं राहून गेलं."

"म्हणजे?"

"म्हणजे गाड्यांच्या दृष्टीने ते अजून दोन कंटेनरच्या मधे कुठेतरी आहेत. दिसत नाहीयेत, पण येतायत."

मयुरी पडद्यावरच्या रिकाम्या फटीकडे बघत होती. खिडकीबाहेर हॉर्न वाजत होते.

"पुसता येत नाही का?" शेवटी तिने विचारलं.

"एका जागी असतं तर पुसलं असतं. हे या गाडीने त्या गाडीला सांगितलेलं आहे. उद्या नवी मोटार रस्त्यावर आली की जुन्या मोटारी तिलाही सांगणार. हां, तीच टिकली त्याच रस्त्याने गेली, कारखान्याच्या फाटकाशी 'पोचलो' म्हणाली, आणि आजूबाजूच्या गाड्यांनी तिला जाताना पाहिलं, तर हे मिटेल. पण दुसऱ्याच्या टिकलीवर गाडी चालवणं गुन्हा आहे. मी तुम्हाला काही सुचवलेलं नाही."

टिकली घरीच होती. पोलिसांनी ती घड्याळ आणि पाकिटाबरोबर परत दिली होती.

पण खरं सांगायचं तर मयुरीला ते मिटायला नकोच होतं. चाकणच्या एका दवाखान्यात ती स्वागतकक्षात काम करायची आणि रोज याच बसने जायची. दुसऱ्या दिवसापासून ती उजवीकडची खिडकी धरू लागली. सकाळी फट यायची, तिच्या शेजारून जायची, देवळापाशी हळू व्हायची. मयुरीला बरं वाटायचं, आणि बरं वाटतं याची भीतीही वाटायची. उतार जवळ आला की मात्र ती डोळे गच्च मिटून घ्यायची. फट उतारावर, तो गेला त्याच जागी, मिटते हे तिला ठाऊक होतं, ते बघायची तिची छाती नव्हती.

एका सकाळी फट आली आणि ती रिकामी नव्हती. आत एक निळी स्कूटर होती आणि स्कूटरवर पिवळा स्कार्फ गुंडाळलेली एक मुलगी. तो स्कार्फ मयुरीनेच आदल्या दिवशी इस्त्री करून ठेवला होता. जुई, तिची मुलगी, कॉलेजला बसने जाते असं घरी सांगणारी, बापाच्या रिकाम्या वाटेतून भरधाव चालली होती. तिच्यामागे आणखी दोन मुलं होती.

या वेळी मयुरीने डोळे मिटले नाहीत. उतारावर जुईच्या स्कूटरचा मागचा दिवा लाल झाला, ती जागच्या जागी थांबली आणि तिच्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर दोन कंटेनर, काही आवाज न करता, एकमेकांजवळ आले. मागच्या मुलाची गाडी घसरून जुईच्या स्कूटरला लागली. तो उठला, कपडे झटकले आणि हसला. मयुरी बसमध्ये उभी राहिली होती. कंडक्टर तिला बसायला सांगत होता, पण तिला ते कळत नव्हतं.

संध्याकाळी जुईने नाकबूल केलं नाही.

"मी भांगात नसते, आई. मी बाबांच्या मागे असते."

"बाबा नाहीयेत तिथे."

"मग तू उजवीकडची खिडकी कशाला धरतेस? मी बघते ना तुला, रोज." जुई शांतपणे म्हणाली. "वळणावर ते आधी थोडे आत घेतात. खड्डा होता तिथून अजून बाजूने जातात, खड्डा बुजवला तरी. मला लहानपणी पुढे बसवून न्यायचे, तसंच वाटतं."

मयुरीने कुकर गॅसवर चढवला. "आणि ती मुलं?"

"कॉलेजची आहेत. अजून पाच-सहा जण येतात. सगळ्यात मोकळी वाट आहे म्हणतात."

"कुठे मिटते ते तुला माहितीय. त्यांना माहितीय?"

त्या उतारावर आज ना उद्या कुणाचं तरी पोर जाणार होतं. कदाचित हिचंच. हे दोघींनाही एकाच वेळी कळलं आणि कुकरची शिट्टी झाली तरी गॅस बंद करायला कुणी उठलं नाही.

"एक सांगू?" जुई म्हणाली. "मिटायच्या आधी ना, तो रुंद होतो. दोन गाड्या मावतील एवढा. आणि एकदम हळू होतो."

"दोन गाड्या?"

"हो. आधी दोन गाड्यांएवढा, मग बंद."

मयुरी खुर्चीवर बसली. चौकशी अहवालात लिहिलं होतं की स्वाराने कारण नसताना वेग कमी केला, रेषा सोडली आणि आडवी जागा व्यापली. चूक स्वाराची. तिला ते वाक्य तोंडपाठ होतं. हर्षलने मोबाइल बघितला असेल, असं तिने मनातल्या मनात धरून टाकलं होतं, आणि त्याचा तिला रागही होता.

आता तिला आठवली ती हर्षलची पहिली भेट. नाशिक फाट्याजवळ तिच्या जुन्या स्कूटीतलं पेट्रोल संपलं होतं. ती घामाघूम होऊन गाडी ढकलत होती. मागून एक अनोळखी मुलगा मोटारसायकलवरून आला आणि म्हणाला, "बसा गाडीवर. ब्रेक सोडा, हँडल सरळ धरा. घाबरू नका." त्याने आपला डावा पाय तिच्या स्कूटीच्या मागच्या फूटरेस्टवर टेकवला आणि तिला तसंच रेटत थेट पंपापर्यंत नेलं. बंद पडलेली गाडी दिसली आणि हर्षल पुढे निघून गेला, असं त्याच्या हातून कधी झालं नाही. कारखान्यात उशीर झाला तरी नाही.

"तो कुणाला तरी पाय लावून नेत होता," ती म्हणाली. आणि मग ती रडली, अपघाताच्या दिवसानंतर पहिल्यांदा, मोकळेपणी.

पानसऱ्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं.

"बंद गाडीची टिकलीही बंद," ते म्हणाले. "गाड्यांना ऐकू आली एक दुचाकी, आणि दिसल्या दोन, एकमेकींना चिकटलेल्या. ऐकलेलं आणि दिसलेलं जुळलं नाही की गाडी आपल्या रांगेत परत येते. आम्हीच तसं शिकवलंय. ताई, आम्ही सगळं हिशेबात धरलं होतं. गाय, हातगाडी, मिरवणूक, वरात. पाय धरला नव्हता. अहवालात चूक त्यांची लिहिलीय, ते मी बदलून घेतो."

"ज्याला तो नेत होता, तो माणूस?"

"उतार आहे. रेट्याने पुढे गेला असेल. मागे काय झालं ते त्याला कळलंही नसेल. हात करून आभार मानले असतील आणि पुलापर्यंत घरंगळत गेला असेल."

"मी ती टिकली घेऊन एकटी गेले तर?"

"तर उतारावर गाड्या दोघांची वाट करतील आणि त्यांना दिसाल तुम्ही एकट्या. पुन्हा जुळणार नाही. पुन्हा मिटेल." पानसऱ्यांनी आवाज खाली आणला. "दोन गाड्या हव्यात. आणि या वेळी दोन्हींच्या टिकल्या चालू हव्यात. हेही मी तुम्हाला सांगितलेलं नाही."

दुसरी गाडी कुणाची, यावर मायलेकींचं भांडण झालं. मयुरीने दिराचं नाव काढलं, दवाखान्यातल्या वॉर्डबॉयचं काढलं. जुई म्हणाली, "नेमकी जागा मला माहितीय. आणि ते माझे बाबा आहेत." मयुरीला पोटच्या पोरीला तिथे न्यायचं नव्हतं. पण नेलं नाही तरी पोरगी रोज तिथे जाणारच होती, आणि मग शेजारी आई नसणार होती.

बुधवारी सकाळी त्या निघाल्या. जुई तिच्या निळ्या स्कूटरवर पुढे होती; मयुरीने स्वतःच्या स्कूटरच्या कपाळावर हर्षलची टिकली बसवली. किल्ली फिरवल्यावर टिकली लाल झाली. तिने काय म्हटलं ते माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, पण मोशीच्या तोंडाशी तुंबलेल्या गाड्यांना ते ऐकू गेलं. दूरवर, नजर पोचते तिथपर्यंत, मोटारी, बसगाड्या, ट्रक एका दमात बाजूला झाले. एरवी गाड्या एकेक करून सरकतात. आज त्या वाट बघत थांबल्यासारख्या एकदम हलल्या. आतल्या ड्रायव्हरांपैकी कुणी मान वर करून पाहिलं नाही. त्यांना ते जाणवलंही नव्हतं.

भांगात शिरल्यावर हॉर्न ऐकू येईनासे झाले. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या भिंती, वर आकाशाची चिंधी. वळणावर वाट आधी थोडी आत गेली, तशी मयुरीही गेली. बुजवलेल्या खड्ड्याला तिने वळसा घातला. आपण गाडी चालवतोय की आपल्याला कुणी नेतंय, हे तिला सांगता आलं नसतं. देवळासमोर वाट हळू झाली. मयुरीचा हात हँडलवरून सुटला आणि छातीला लागला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी ती त्याला रागावली, तेच आता तिने केलं.

"आई, आता," पुढून जुई म्हणाली. उतार सुरू झाला होता.

जुईने अ‍ॅक्सिलरेटर सोडून दिला आणि हँडल सरळ धरलं. तिची टिकली लाल होती. मयुरी तिच्या उजव्या अंगाला आली, डावा पाय उचलला आणि जुईच्या मागच्या फूटरेस्टवर टेकवला. भांग रुंद झाला. हळू झाला. डाव्या हाताला कंटेनरचा गंजका पत्रा, उजव्या हाताला टँकर. जिथे वाट संपते ती जागा जवळ आली. तिथे रस्त्यावर आता काहीच खूण नव्हती.

पत्रा थरथरला. कंटेनर वीतभर आत आला. मयुरीला त्याच्या टायरची ऊब पोटरीला जाणवली. पाय काढून घ्यावा, पोरीला पुढे ढकलून द्यावं, असं तिच्या मनात आलं. हर्षलनेही त्या क्षणी हेच केलं असणार. समोरच्याला शेवटचा रेटा देऊन पुढे काढलं असणार. मयुरीने पाय काढला नाही. "सरळ धर," ती म्हणाली, "घाबरू नको."

कंटेनर थबकला. मग वीतभर मागे झाला. आणि जिथे आजवर भांग मिटत होता तिथून तो पुढे उघडत गेला, पुलावरून, पुलाच्या पलीकडे, थेट चाकणच्या दिशेने.

कारखान्याच्या फाटकाशी मयुरीने किल्ली बंद केली. टिकली हिरवी झाली आणि विझली. वॉचमनने कोण पाहिजे म्हणून विचारलं. "कुणी नाही, पोचवायला आलो होतो," जुई म्हणाली. परत येताना दोघी आपापल्या रांगेत, धूर खात, सगळ्यांच्या मागून आल्या. दोन रांगांच्या मधे नुसती पांढरी रेघ होती. टिकली मयुरीच्या पर्समध्ये होती. आपण बरोबर केलं हे तिला पटत होतं, आणि आपल्या हाताने आपण त्याला दुसऱ्यांदा घालवलं असंही वाटत होतं.

संध्याकाळी ती गॅलरीत कपडे काढत होती. तिन्हीसांजेला समोरच्या रस्त्यावर नेहमीची गर्दी होती. तेवढ्यात लांब वळणावर मोटारींचे दिवे दोन्हीकडे पांगले.

तिच्या हातातले कपडे खाली पडले. जो सकाळी कामावर पोचतो तो संध्याकाळी घरी येतो. गाड्यांना त्याची ही सवयही पाठ होती. इतके दिवस तो पोचलाच नव्हता, म्हणून त्यांनी ती वाट काढली नव्हती.

रिकामी फट सावकाश त्यांच्या सोसायटीच्या फाटकातून आत वळली. पार्किंगमध्ये हर्षलच्या जागेवर आता कुलथे काकांची मोटार असायची. आत कुणी नसताना त्या मोटारीचे दिवे लागले, ती मागे सरली आणि जागा मोकळी करून बाजूला उभी राहिली.

जुई आईच्या मागे येऊन उभी होती. "आई, बाबा आले," ती म्हणाली, लहानपणी म्हणायची तसं.

मयुरी खाली गेली. स्कूटर ढकलत तिने त्या मोकळ्या जागेत आणली, टिकली बसवली आणि किल्ली लावली. लाल दिवा लागला. आजूबाजूच्या मोटारी गप्प उभ्या होत्या. तिला घाई नव्हती. सीटवर हात ठेवून ती उभी राहिली आणि दिवसभरातलं जे त्याला सांगायची ते तिने सांगितलं: जुईने ब्रेक न लावता उतार काढला, अहवालातलं ते वाक्य पानसरे बदलून घेणार आहेत, आणि मोबाइलबद्दल ती जे मनात धरून बसली होती त्याची माफी. मग तिने किल्ली फिरवली. टिकली हिरवी झाली, विझली.

नंतर त्या रस्त्यावर तसा भांग पुन्हा पडला नाही.

शुक्रवारी सकाळी मयुरी नेहमीच्या बसमध्ये बसली. या वेळी डावीकडच्या खिडकीशी. गर्दी तीच होती. मोशीच्या अलीकडे मारुतीचं देऊळ आलं आणि बस किंचित हळू झाली. मयुरीने मान वळवून मागे पाहिलं. बसमागचा ट्रक हळू झाला होता. त्यामागच्या मोटारी, टेम्पो, कंटेनर, रांगेतलं जे जे देवळासमोर येत होतं ते क्षणभर रेंगाळत होतं आणि मग पुढे जात होतं. कशाला, ते कुणाला माहीत नव्हतं. शेजारची बाई म्हणाली, "इथे आज सगळेच हळू होतायत बघा, खड्डा असेल."

"खड्डा नाहीये," मयुरी म्हणाली, आणि तिने हात छातीला लावला.